मागच्या दाराची किल्ली

दगा महाजनला साडी कारखान्याच्या फोल्डिंग खात्यात सगळे सुपरवायझर म्हणत, पण त्याची खरी ओळख कमरेच्या किल्लीने. खानदेशातून सुरतेला आला तेव्हा तो कापडाचे ताके उचलायचा. सात वर्षांपूर्वी मागच्या दाराने साड्या चोरीला जात होत्या, ती चोरी त्याने पकडून दिली. "कुलूप लावा," असंही त्यानेच सुचवलं. शेठ खूश झाले, बढती मिळाली, सुरतेतच कोसाडला घर झालं. त्या कुलपावरच त्याचा संसार उभा राहिला म्हणा ना.

दरवर्षी कामाच्या जागेवरच्या धोक्यांचा फॉर्म तोच भरायचा. आग लागली तर बाहेर पडायला दुसरी वाट आहे का? 'आहे, दार उघडे.' किती जणांना धोका? 'कोणालाही नाही.' फॉर्मला जोडायच्या फोटोपुरतं कुलूप काढायचं, फोटो झाला की पुन्हा लावायचं. आत अडकणार होत्या त्या दुसऱ्यांच्या बायका ना!

यंदा त्याची बायको जयश्री याच खात्यात साड्यांच्या घड्या घालायला लागली आणि फॉर्म हातात घेताच दगाला घाम फुटला. तिचं टेबल अगदी मागे, कुलपाशी. पुढच्या दारापर्यंत ताक्यांचे ढीग. कुलूप काढू का, हे विचारायला तो मॅनेजर मगनभाईंकडे गेला.

"ताळुं तो तारुं ज छे, दगा," मगनभाई हसले. "खोली नाख. पछी चोरी थाय तो जवाबदार तुं."

कुलूप तुझंच, खुशाल उघड; पण चोरी झाली की नोकरी गेली, एवढं गुजराती त्याला कळत होतं.

मग या शहाण्याने काय करावं? फॉर्मवर नेहमीचंच लिहिलं, खाली सही ठोकली, आणि जयश्रीला पुढच्या दाराजवळ बसवलं. तिथल्या उषाबाईंना तिच्या जागी मागे धाडलं.

"भाऊ, माले तठे काबर बठाडं?" उषाबाईंनी मागे बसवण्याचं कारण विचारलं.

"तठे उजेड चांगला शे," दगा म्हणाला. मागे साधी खिडकीसुद्धा नव्हती.

जयश्रीने नवऱ्याकडे पाहिलं, मग कुलपाकडे. हातातली साडी अर्धवट टाकून ती उठली, उषाबाईंना हाताला धरून पुढे आणलं आणि स्वतः मागे जाऊन कुलपाला पाठ लावून बसली.

"जयू, ऊठ," तो हळूच म्हणाला.

"उषाबाईना जीव, जीव नही का?"

सगळं खातं बघत होतं. दगाचा हात किल्लीवर गेला आणि तिथेच राहिला. तेवढ्यात मगनभाईंनी फॉर्मसाठी हाक मारली. लाजेने त्याला मान वर करवेना, पण पाय मुकाट पुढच्या दाराकडे वळले.

त्याने फॉर्म नेऊन दिला. किल्ली कमरेलाच होती.