फेकायचं पाणी

काच पुसायला पाणी लागतं, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं. पण कुठलं पाणी, हे आम्हाला धंदा सुरू केल्यावर कळलं.

माझा नवरा लग्नाआधीपासून सुरतेला ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवायचा. सणावाराला यायचा, चार दिवस राहायचा आणि परत गाडी पकडायचा. नंदुरबारात बायपासला काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या तेव्हा तो म्हणाला, या धुवायला कोणीतरी लागेलच की. असा तो घरी आला. सासूबाईंना आकाश ठेंगणं झालं. मलाही झालं, पण मी तोंडाची फटकळ, तसं काही बोलून दाखवलं नाही.

वरच्या मजल्याची काच खालून, लांब दांड्याच्या ब्रशने धुवायची. त्या दांड्यातूनच पाणी वर जातं. वर जाऊन फडक्याने पुसणं होत नाही, म्हणून पाणी आपोआप वाळलं पाहिजे आणि वाळल्यावर मागे काही राहता कामा नये. आमच्या बोअरचं पाणी असं खारट, की चहासुद्धा फाटतो. ते काचेवर वाळलं की पांढरे ठिपके. म्हणून मशीन आणलं. बोअरचं पाणी टाकीत भरायचं, तिथून ते मशीनमध्ये जातं. त्यात पाणी गाळणारी मेम्ब्रेन, आणि पुढे एका बाटलीत पिवळे बारीक दाणे, उरलासुरला क्षार ओढून घेणारे. एका बाजूने शुद्ध पाणी निघतं आणि दुसऱ्या नळीतून त्याहून दोन-तीन पट जास्त, आणि अधिकच खारं झालेलं पाणी बाहेर पडतं. ते फेकायचं.

हे फेकणं सासूबाईंना बघवेना. त्यांना आम्ही दोघंही माय म्हणतो, त्या लेकाला भाऊ म्हणतात. मी सारंगखेड्याची, तापीकाठची. पाण्याची ददात मला माहेरी कधी नव्हती. माय कोरड्या बाजूच्या. त्यांच्याकडे पाणी एकदा वापरून टाकायची पद्धतच नाही. तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला, भांडी विसळलेलं पाणी अंगणात सड्याला, आंघोळीचं पाणी मोरीतून दोडक्याच्या वेलाला. पाहुण्याने पेल्यात घोटभर पाणी ठेवलं तरी त्या तो पेला उचलून तुळशीपाशी जायच्या.

"इतलं पानी गटारमा जाई ऱ्हायनं," त्या म्हणायच्या. "पाप लागी वं बाई."

मग आम्ही नळीखाली निळा ड्रम ठेवला. त्यातलं पाणी संडासला, फरशीला वापरायचं. शेजारणीही दोन दिवस घेऊन गेल्या. भांडी पांढरी पडली तशी त्यांनी तोंडं फिरवली. दोडक्याचा वेलही त्या पाण्याने जळाला. उरलेलं गटारीत सोडा, असं मी मायना सांगितलं आणि माझ्या कामाला लागले.

पहिले काही महिने बरे गेले. दवाखान्याचं वर्षाचं काम मिळालं, विसरवाडीच्या नाक्यावरचं एक हॉटेल मिळालं. मग दाणे लवकर संपायला लागले. दुकानदाराने सांगितलं होतं त्याच्या निम्म्यातच बाटली बाद. नवी आणली, ती त्याहून लवकर बाद. मी शुद्ध पाण्यात क्षार मोजायचा पेन बुडवायचे, आकडा चढलेला दिसायचा आणि माझं डोकं सटकायचं. नवरा म्हणायचा दुकानदाराने गंडवलं. दुकानदार म्हणायचा तुमचं पाणीच तसलं. मी म्हणायचे, तुम्हीच कमी पैशातलं मशीन उचललंत, आता भोगा. रोज संध्याकाळी ओट्यावर हेच भांडण. माय कोपऱ्यात लसूण सोलत ऐकत बसायच्या. एक गोष्ट तेवढी चांगली घडत होती: बोअरची मोटर कमी चालायची आणि विजेचं बिल उतरलं होतं. त्यावरही मी खूश होते, काय अक्कल माझी!

शेवटी दवाखान्याच्या दर्शनी काचेवर ठिपके आले. डॉक्टरांनी नवऱ्याला उन्हात उभं करून दाखवलं. "काच धुवायला बोलावलं होतं की रांगोळी काढायला?" दिवाळीपर्यंत काम थांबवलं; तोवर जमलं तर ठीक, नाहीतर दुसरा माणूस. घरी आल्यावर नवऱ्याने सुरतेच्या ठेकेदाराला फोन लावला. बोलणं पाच मिनिटांत संपलं. परवाच्या गाडीने निघायचं ठरलं. माय उठून भाकरी टाकायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळावरून लवकर परतले, तर माय बादली घेऊन ड्रमपाशी. बादली भरली, कमरेला टेकवली, दोन पायऱ्या चढून मशीनच्या टाकीचं झाकण सरकवलं आणि आत ओतली. मग दुसरी.

"माय! हे काय करताय?"

"मी काय चोरी करी का?" त्या दचकल्या. "वाया जाई ऱ्हायनं व्हतं, ते टाकीमा टाकी दिन्हं."

"कधीपासून?"

त्यांनी हात नुसताच हवेत फिरवला. म्हणजे महिने झाले असणार. मी पेन आणून टाकीत बुडवला. आजवर मी मशीनमधून निघालेलं शुद्ध पाणीच मोजत आले होते, आत जाणारं कधी मोजलं नव्हतं. आकडा थांबायचं नाव घेईना, चढतच गेला. चुलीवर आमटी आटत जावी तसं ते पाणी आमच्या टाकीत खारट होत गेलं होतं. तेच मशीनमध्ये जायचं, आणखी खारं होऊन बाहेर पडायचं, आणि माय ते पुन्हा उचलून आत टाकायच्या. दाणे संपणार नाहीत तर काय!

मग माझं तोंड सुटलं. तुम्हाला सांगितलं होतं ना फेका म्हणून, मेम्ब्रेन खाल्ली तुम्ही, धंदा बुडवला, असं बरंच काही बोलले. शेजारच्या खिडक्या उघडल्या. माय ऐकून घेत होत्या. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाल्या, "पहिले पाप नको म्हनीसन टाकं. मंग तुम्ही दोन्ही खर्चावरथून रोज भांडाले लागनात. म्हनं, तितलंच वाची. मंग तो घर ऱ्हाई." आणि मग त्यांनी विचारलं, "आते तो सुरत जाई का?"

मी त्यांच्या हातातली बादली काढून घेतली. फार वाईट वाटलं, हे सांगायला आता लाज नाही.

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो हसला आधी, मग मशीन उघडून बघितलं. मशीन चांगलं होतं, दुकानदारही चांगला होता. पण मेम्ब्रेन गेली होती आणि नवी घ्यायला हातात दमडी नव्हती. तो गेला. महिन्याभराने मेम्ब्रेन आणि दाणे एका ड्रायव्हरच्या हाती पाठवले. टाकी मी रिकामी करून घासली, बसवाबसवी फोनवर विचारून केली.

खारं पाणी फेकायचं काम मायनी स्वतःकडे घेतलं. मला हात लावू देईनात. ड्रम भरला की बादली घेऊन गटारीपर्यंत जायच्या, तोंड दुसरीकडे करून ओतायच्या आणि पदराने हात पुसत परत यायच्या. ज्या दिवशी पाणी फेकायच्या, त्या दिवशी दुपारच्या जेवायच्या नाहीत. विचारलं तर म्हणायच्या भूक नाही.

दिवाळीच्या आधी मी दवाखान्यात गेले आणि दर्शनी काचेचा एक पट्टा धुऊन दाखवला. ऊन कलेपर्यंत आम्ही तिथेच उभे. डॉक्टर काचेला नाक लावून बघत होते. ठिपका नव्हता. "सोमवारपासून या," ते म्हणाले, "दोघं या."

घरी येऊन नवऱ्याला फोन लावला. मी दोन शब्द बोलते तोच मायनी फोन माझ्या हातातून ओढला. फोनवर त्या नेहमी ओरडून बोलतात, त्या दिवशी आवाज अगदी खाली आला होता.

"बठ्ठं फेकी दिन्हं रे भाऊ," त्या म्हणाल्या. "एक थेंब बी ठेवा नही. आते घर ई जाय."