किल्लीची पोच

संघमित्राच्या हातात चौकशीचा अहवाल आला तेव्हा पहिल्याच ओळीत तिचं नाव होतं. चूक तिची, असं छापून तयार. खाली फक्त सही करायची, नाहीतर नोकरीवर पाणी सोडायचं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शिरवण्याच्या एमआयडीसीतली ही कंपनी व्यापाऱ्यांना भाजीचे रोजचे भाव पुरवायची. सर्व्हर सांभाळणं संघमित्राचं काम, गेली नऊ वर्षं. सर्व्हरचं मुख्य दार, म्हणजे पोर्ट, उघडायला रूटचे अधिकार लागतात. रूट म्हणजे त्या मशीनचा मालकच. तिचा प्रोग्रॅम मालकाच्या अधिकाराने दार उघडायचा आणि लगेच ते अधिकार टाकून साध्या नोकरासारखा कामाला लागायचा. हे शहाणपण तिला कॉलेजच्या आधीच मिळालं होतं. तिचे वडील सिताराम एपीएमसीत माथाडी. रोज सकाळी शेठकडून गाळ्याची किल्ली घ्यायचे, शटर वर करायचे, किल्ली शेठच्या हातात परत ठेवायचे आणि मगच गोणीला हात लावायचे.

आईच्या ऑपरेशनसाठी ती आठवडाभर रजेवर गेली, आणि तिचे साहेब आशुतोष यांना अचानक सुरक्षेचा पुळका आला. प्रोग्रॅममधल्या अधिकार टाकायच्या ओळी त्यांनी उचलून दार उघडायच्या आधी नेल्या. अधिकारच गेल्यावर दार उघडणार कसं? मग ओळी निमूट जागेवर ठेवाव्यात की नाही? साहेबांनी त्या पुसूनच टाकल्या. प्रोग्रॅम मालक होऊन चालत राहिला, आणि ती परतायच्या आत त्यातल्या एका भोकातून चोर शिरला. साध्या नोकराच्या हक्काने त्याला एक फोल्डर मिळाला असता. इथे अख्खं मशीन मिळालं, आणि तो सगळं पुसून गेला.

बैठकीत डायरेक्टर शुभदाबाईंसमोर आशुतोष शांतपणे म्हणाले की रूटचा पासवर्ड फक्त संघमित्राकडे असतो. नऊ वर्षं राबलेल्या बाईवर इतक्या थंडपणे खापर फोडायचं म्हणजे निर्लज्जपणाची हद्द झाली.

तिने पर्समधून एक कागद काढला. रजेवर जाताना पासवर्ड लखोट्यात बंद करून साहेबांकडे द्यायचा आणि पोच घ्यायची, ही तिची पद्धत. अख्खं ऑफिस त्यावरून तिला हसायचं.

"चार तारखेपासून किल्ली तुमच्याकडे होती, सर," ती म्हणाली. "बॅकअपमध्ये दिसतंय, ओळी सहा तारखेला गेल्यात. पोचवर सही तुमचीच आहे."

शुभदाबाईंनी कागद पाहिला आणि अहवाल परत मागून घेतला. संघमित्राने बॅकअप चढवला, ओळी जागेवर ठेवल्या.

संध्याकाळी नवा अहवाल आला. तिने तो दोनदा वाचला. कारण लिहिलं होतं, तांत्रिक बिघाड. नाव कुणाचंच नव्हतं.