निसळसाहेबांचे बेणे

निसळसाहेबांच्या कोटाच्या खिशात साबणाची एक पत्र्याची डबी असे. उसाच्या फडात शिरण्यापूर्वी ते पाटाच्या कडेला उकिडवे बसत, कोपरापर्यंत हात धूत आणि मग डबी माझ्यापुढे धरत. लढाईचे दिवस; घरी अंघोळीला साबण मिळायची मारामार, आणि हा माणूस शेतात जाण्यासाठी वड्या झिजवत होता. पहिल्या दिवशी मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "दावीद, रोग आपणच आपल्या हातांनी नेतो आणि बोल मात्र देवाला लावतो."

प्रवरेच्या कालव्यावर एक लहानसा प्रयोगमळा होता. तिथे ते अधिकारी आणि मी त्यांचा मदतनीस. नगरच्या मिशनच्या शाळेतून निघून शेतकी शिकून आलेला मी, पण खरे शिकलो ते त्यांच्याजवळ. उसाच्या पानावर फिकट पिवळे पट्टे पाडणाऱ्या व्हायरसचा त्यांना ध्यास होता. त्याला ते 'पाहुणा' म्हणत. पट्टे पडलेले पान उन्हासमोर धरून सांगत, "हा पाहुणा स्वतः काडी हलवत नाही. पेशीच्या घरात शिरतो आणि तिचंच पीठ, तिचीच चूल वापरून तिच्याकडूनच आपल्यासारखे हजारो घडवून घेतो. ती बिचारी आपलंच काम समजून राबते."

तंबाखूच्या रोगट रसातून परदेशात कुणीतरी या पाहुण्याचे स्फटिक काढले होते. ते सांगताना त्यांचा आवाज लहान मुलासारखा चढे. "अरे, साखरेसारखे स्फटिक! बाटलीत ठेवा, निपचित. पानावर चोळा, पुन्हा जिवंत! आता याला प्राणी म्हणायचं की मीठ?" असे विचारून ते माझ्याकडे खरोखरच उत्तराच्या अपेक्षेने बघत. मला कोणत्याही साहेबाने आधी असे काही विचारले नव्हते. त्या माणसासाठी मी विहिरीत उडी टाकली असती.

एक गोष्ट त्यांनी माझ्याकडून घोकून घेतली होती. रोग पानापुरता नसतो. पट्टा दिसला की तो व्हायरस मुळापासून शेंड्यापर्यंत पोचलेला असतो. त्या उसाची कांडी बेणे म्हणून लावली, की नवा ऊस जन्मतःच रोगी. एकदा एका मजुराने नुसती पट्ट्याची पाने खुडली, तर साहेबांनी त्याला सगळे बेट उपटायला लावले. "पानं खुडणं म्हणजे गोवर आलेल्या पोराला पावडर लावणं," असे ते म्हणाले.

आम्ही नव्या जातीच्या उसाचा बेणेमळा केला होता. त्याचे बेणे आसपासच्या शेतकऱ्यांना द्यायचे होते. पुण्याहून वरिष्ठ पाहणीला येणार होते, आणि मळा पसंत पडला तर साहेबांना तिकडे मोठी जागा मिळेल अशी बोलवा होती. त्या पाहणीच्या आधी त्यांनी मला राजूरकडे धाडले. भाताच्या रोपांवर काही रोग पडला आहे, नमुने आण, म्हणाले. मी पावसात डोंगर तुडवले. रोग कुठेच सापडला नाही. परत आलो तेव्हा पाहणी उरकली होती, बेणेमळा हिरवागार होता आणि साहेब खुशीत होते.

त्यातले गाडीभर बेणे मी स्वतः साराअक्काकडे, माझ्या थोरल्या बहिणीकडे, नेले. तिच्या बांधाला लागून गेणूआबांचा पुंड्या ऊस होता. पुंड्या म्हणजे जाड, मऊ, गुळाला गोड. पण रोगाला फार हळवा. आबांनी विचारले, "नवीन वाण हाय म्हनं. काय खोड न्हाई ना?" मी म्हणालो, "आमच्या साहेबांच्या हातचं आहे, आबा."

दसऱ्याच्या सुमारास अक्काच्या कोवळ्या उसावर पट्टे उमटले. हा रोग वाहून नेणारी बारीक कीड, मावा, तेथून उडाली आणि पुंड्यावर बसली. आबांच्या उसाची पेरे आखडली, पाने पिवळी पडली. मी मळ्यावर धावलो. खुरपणाऱ्या चंद्राबाईंनी मला बघून हातातले खुरपे खाली ठेवले. "तुमी राजूरला गेल्ते तवा सायबांनी आमा समद्या बायांना लावून पट्ट्याची पानं खुडून घेतली. खड्ड्यात पुरली. आमाला वाटलं, तुमास्नी ठावं आसंल."

साहेब टेबलाशी बसले होते. मी विचारले. त्यांनी नाकारले नाही.

"ही जात सोसते, दावीद. पट्टे येतात, ऊस तरीही वाढतो."

"आणि शेजारचा पुंड्या?"

त्यांनी टेबलावरचे कागद एकावर एक रचले.

"मला राजूरला का पाठवलंत?"

"तू असतास तर खुडू दिली नसतीस," ते म्हणाले. आवाजात माझ्याविषयी अभिमान होता. तो अभिमान मला आजही सोसत नाही.

दोन्ही शेतांतला ऊस उपटायचे ठरले त्या सकाळी साहेब टांगा करून आले. आबा मातीचे हात झटकत पुढे गेले. "सायेब, तुमी सोता आला, लई बरं वाटलं. आता काय करावं, तुमीच सांगा."

साहेबांनी सांगितले. मुळासकट उपटा, बांधावर टाकू नका, जाळा, पुढचे पीक उसाचे घेऊ नका. एकेक शब्द अचूक. आबा हात जोडून ऐकत होते. मी वाट पाहिली. पुढचे वाक्य ते बोलणार, असे मला अजूनही वाटत होते.

शेवटी मीच बोललो. "आबा, बेणंच रोगट होतं. साहेबांना माहीत होतं."

आबा माझ्याकडे वळले. त्यांना राग नव्हता, कीवच आली होती. "आरं लेकरा, म्हाईत आसून कुनी दिल का? गाडी तूच आनलीस, म्हून आता सायबावर ढकलतूस व्हय?"

साराअक्का काम थांबवून उभी राहिली. तिने साहेबांकडे पाहिले, मीही पाहिले. त्यांनी नुसती मान हलवली असती तरी पुरे होते. ते उपटलेल्या उसाच्या ढिगाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पोरगा दमलाय, आबा. मनावर घेऊ नका."

टांग्यात चढताना त्यांनी बाजूला सरकून जागा केली. "चल, मळ्यावर सोडतो."

अक्का म्हणाली, "दावीद, हिकडं ये. ह्यो वाफा ऱ्हायलाय."

मी तिच्याकडे गेलो. साहेब पुढे पुण्याला गेले, मोठे झाले, वारले. त्या मळ्यावर मी पुन्हा पाऊल ठेवले नाही.