तीन नंबरच्या फरशीवरचे वासेकर सर

मे महिन्यातला मंगळवार. प्रश्न पाच मार्कांचा. वणीतल्या आमच्या कॉलेजच्या तपासणीच्या खोलीत आम्ही तिघं: मी, माझ्यासोबत गणित शिकवणाऱ्या आत्राम मॅडम आणि आमचे मॉडरेटर वासेकर सर, म्हणजे आम्ही तपासलेल्या पेपरांवर नजर ठेवणारे.

बी.एस्सी.च्या ग्रुप थिअरीचे पेपर होते. माझे एक्केचाळीस झाले होते. बेचाळिसाव्याची बेरीज एकोणीस आली. पासिंग चोवीसला. नेमके पाच कमी पडले की मी पेपर पुन्हा पाहतो, हा माझा जुना नियम. पाचाच्या एका प्रश्नाला मी शून्य दिलं होतं. प्रश्न असा: a आणि b या दोघांची ऑर्डर मर्यादित असेल, तर ab चीही मर्यादित असते, हे सिद्ध करा.

ऑर्डर म्हणजे एखादी क्रिया किती वेळा केली की आपण जिथल्या तिथे परत येतो, तो आकडा. छापून आलेल्या आदर्श उत्तरात चार ओळींची सिद्धता होती. या पोरानं किंवा पोरीनं (पेपरवर फक्त कोड असतो) लिहिलं होतं, 'सिद्ध होत नाही.' खाली दोन ओळी: a म्हणजे x चा −x करा. b म्हणजे x चा 1−x करा. बस.

मघाशी मी एवढंच पाहिलं होतं की सिद्धता नाही. आता आकडा घालून पाहिला. तीन घेतला. a दोनदा केलं: उणे तीन, परत तीन. b दोनदा: उणे दोन, परत तीन. दोघांचीही ऑर्डर दोन. मग ab, म्हणजे आधी a, नंतर b: तिनाचे झाले चार. पुन्हा केलं, पाच. पुन्हा, सहा. हे कधीच परत येणार नव्हतं!

मी खुर्चीवरून उठलोच.

"काय झालं सर? विंचू निघाला का?" मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, आदर्श उत्तर चूक आहे!"

वासेकर सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "खिरटकर, तुमचं डोकं चालून राह्यलं का फिरून राह्यलं? आज लॉट क्लोज करायचा आहे."

तोंडी सांगून उपयोग नव्हता. मी खडूनं एका ओळीतल्या फरश्यांवर आकडे टाकले. मधल्या फरशीवर शून्य, एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला उणे.

"सर, तीनवर उभे राहा."

"मले कायले नाचवता?"

"पाचच मिनिटं."

ते राहिले. मी म्हटलं, a करा. ते उणे तीनवर गेले. b करा. एकातून उणे तीन वजा, म्हणून चारवर आले. पुन्हा उणे चार, मग पाच. उणे पाच, मग सहा. दर फेरीला सर एक फरशी पुढे. आठव्या फरशीनंतर भिंत.

"भिंत आली न बाप्पा!"

"भिंत नसती तर मारेगाव आलं असतं सर, पण तीनवर परत आले नसते," मॅडम म्हणाल्या.

सरांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. मग हळूच म्हणाले, "मग ते चार ओळीचं काय?"

मी दाखवलं. त्या सिद्धतेत a आणि b ची अदलाबदल गुपचूप केली होती. फोडणी आधी की भाजी आधी, यानं फरक पडतो. तो पडत नाही अशा क्रियांच्या ग्रुपला अबेलियन म्हणतात, आणि तो शब्द प्रश्नात नव्हता.

सरांनी विद्यापीठाच्या बोर्डाच्या अध्यक्षांना फोन लावला. अध्यक्षांनी पेपर काढणाऱ्या प्राध्यापकांना लावला. ते म्हणाले, पुस्तकातलाच प्रश्न आहे. पुस्तक उघडलं. स्वाध्यायाच्या माथ्यावर एक ओळ होती: यापुढील सर्व ग्रुप अबेलियन समजावेत. त्यांनी प्रश्न उतरवला, माथ्यावरची ओळ पुस्तकातच राहिली.

"आदर्श उत्तरासारखं लिहिलं त्या पोट्ट्यायचे मार्क कापता का आता?" सरांनी फोनवर विचारलं. चूक आपली होती, त्यांची नव्हती. तासाभरानं लेखी आलं: प्रश्न सदोष; ज्यांनी ज्यांनी सोडवायचा प्रयत्न केला, त्या सर्वांना पूर्ण मार्क.

मी माझे एक्केचाळीस पुन्हा उघडले आणि ज्यांचे मार्क कापले होते त्यांचे पूर्ण केले. आणखी दोघांनी 'हे खोटं आहे' असं लिहिलं होतं, उदाहरण न देता. त्यांनाही मी शून्य दिलं होतं. ते माझ्याच सहीचं होतं, म्हणून खोडून शेजारी पुन्हा सही केली.

आता मी गठ्ठा आला की पहिला पेपर आदर्श उत्तराचाच तपासतो. त्यालाही मार्क देतो, वेगळ्या कागदावर.

त्या दिवशी त्या दोघांना पाच-पाच दिले आणि बेचाळिसाव्याला पाच. एकोणीस आणि पाच, चोवीस. पास.