हुरड्याला या

पावभाजीच्या तव्यापुढे उभं राहूनही दानधर्म करता येतो, हे मला क्लबात गेल्यावर कळलं. आमचा क्लब म्हणजे शहरातली पन्नासेक जोडपी. डॉक्टर, वकील, ठेकेदार आणि माझ्यासारख्या एकदोन मास्तरणी, ज्यांना राबायची कामं सांगता येतात. वर्षभर काही ना काही चालायचं: आनंदमेळा, दांडिया, जुन्या गाण्यांची मैफल. कुपनं आम्ही घरोघर हिंडून खपवायची आणि जमेल त्यातून गरजूंना वस्तू वाटायच्या. वाटताना फोटो. फोटो निघाला नाही तर वाटप झालंच नाही असं धरत. मी सात वर्षं सतरंज्या झटकल्या, कुपनं फाडली, पाव लोण्यात परतले.

एका हिवाळ्यात हुरडा पार्टीची टूम निघाली. एका सभासदाचं खुलताबादच्या रस्त्याला शेत होतं, ज्वारी ऐन हुरड्यात आली होती. कुपन घ्या, शेतावर या, पोटभर हुरडा खा, आणि त्यातून एका गरजू बाईला शिलाई मशीन. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला ते तेव्हाच खटकलं होतं. आमच्याकडे हुरडा विकत नाहीत, निदान तोवर विकत नव्हते. ज्वारी दाण्यावर आली की शेतकरी म्हणतो, ‘हुरड्याला या’, आणि ज्याला म्हटलं तो पाहुणा. मग तो कुणी का असेना, कणसं भाजायच्या आगटीभोवती सगळ्यांच्या मांडीला मांडी लावून बसायचा. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षांत माणसं एकमेकांच्या दारात जायला बिचकत होती, तेव्हासुद्धा माझ्या वडिलांनी वेशीपलीकडच्या मुसलमान विणकरांना हुरड्याला बोलावणं चुकवलं नाही, असं आई सांगायची. पण मी काही बोलले नाही. क्लबात न बोलण्याची सवय फार लवकर लागते.

पुंडलिकनगरात माझ्याच गल्लीत, किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत एक बाई राहायची. नवरा वाळूजला कंपनीत होता, तो आजारानं गेला. चौकातल्या एका म्हाताऱ्या शिंप्याच्या दुकानात, त्याच्याच मशीनवर ती ब्लाउज शिवायची. आता शिंपी दुकान मोडून मुलाकडे निघाला होता. मशीन गेलं की काम जाणार, काम गेलं की खोली जाणार, आणि मग फुलंब्रीकडच्या खेड्यात दिराच्या घरी परत. त्या घराबद्दल ती मला एकदाच बोलली होती. “तिथं कामाला हाक मारत्यात, ताई. जेवाया कुनी हाक मारत नाय. उरलं तर खायचं.”

मी तिचं नाव सुचवलं आणि ते मंजूर झालं. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, “रविवारी लाभार्थीला शेतावरच आणा, वाटप तिथेच करू.” हा ‘लाभार्थी’ शब्द मला त्या बाईच्या दारात उभं राहून उच्चारवेना. मी फार नाजूक मनाची ना! म्हणून मी म्हटलं, “रविवारी हुरड्याला या. मशीनही तिथेच मिळेल.”

तिनं हातातलं शिवणटिपण खाली ठेवलं. “मला? हुरड्याला?” तिनं दोनदा विचारलं. मग म्हणाली, “व्हय, येते की.”

रविवारी ती मोरपंखी साडी नेसून आली. जरीचा बारीक काठ, स्वतः शिवलेला गोट लावलेला ब्लाउज, कानात फुलं, हातात स्टीलचा डबा. डब्यात जवसाची चटणी होती. “मोकळ्या हातानं कसं यायचं?” असं म्हणून ती बसमध्ये खिडकीशी बसली आणि खुलताबादचा घाट येईपर्यंत बाहेर बघत होती. इतकी खुशीत मी तिला कधी पाहिली नव्हती.

शेतावर सतरंज्या पडल्या होत्या. ती सरळ सभासदांच्या ओळीत जाऊन बसली. आगटीवरच्या म्हाताऱ्या गड्यानं कणसं चोळून पहिले दाणे तिच्या ओंजळीत घातले. “घे माय, ऊन ऊन हाय.” तिनं डबा उघडून आजूबाजूच्या पानांवर चटणी वाढली. शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी दोनदा मागून घेतली, कृती विचारली. अर्धा तास सगळं असं चाललं होतं की मला वाटलं, उगीच नाकं मुरडतेय मी, क्लब काही वाईट नाही.

तेवढ्यात अध्यक्षीणबाईंनी मला मशीन आणलेल्या टेम्पोच्या आडोशाला बोलावलं.

“ती मोरपंखी साडीतली कोण हो? कुणाच्या पाहुण्या आहेत का? चटणी फार छान आहे.”

मी सांगितलं, आपलं मशीन यांनाच द्यायचंय. बाईंचा चेहरा पडला.

“अहो, पण ती गरजू वाटतच नाही! पेपरात फोटो जायचाय आपला. आणि ती पुढे का बसलीय? लाभार्थीची खिचडी मागे, गड्यांबरोबर केलीय ना?” मग त्यांनी विहिरीकडे बोट दाखवलं. तिथे गड्याच्या बायकोची विटकी साडी वाळत होती. “ती नेसवा तिला. पाच मिनिटांचं तर काम.”

मला वाटलं, गंमत करताहेत. मी हसलेसुद्धा. त्या हसल्या नाहीत. “जमत नसेल तर राहू दे. यादीत दुसरी नावं आहेत.”

त्या क्षणी मला त्यांची किळस आली. त्यांच्या हातातल्या हुरड्याच्या द्रोणाची, ओठाला लागलेल्या त्या चटणीची. चटणी गोड लागली, पण करणारीनं गरीब दिसायला हवं! हे तोंडावर सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. मशीन हातचं जाईल, तिला दिराच्या घरी परतावं लागेल, म्हणून गप्प बसले, असं मी स्वतःला समजावलं. ते खोटं नव्हतं. पण अध्यक्षीणबाईंपुढे तोंड उघडायची माझी छाती नव्हती, हेही तितकंच खरं.

मी तिच्यापाशी जाऊन वाकले आणि हळूच म्हटलं, “फोटोपुरती साडी बदलता का? तुमची ही खराब होईल. मशीनला तेल असतं ना.”

“तेल आत असतंय, ताई,” ती म्हणाली. “वर नसतंय.”

तिनं विहिरीवरची साडी पाहिली, अध्यक्षीणबाई आमच्याकडे बघत होत्या तेही पाहिलं. मग आवाज न चढवता विचारलं, “खरं सांगा. मी हुरड्याला आलेय, का मशिनीला?”

मी म्हटलं, “मशीनला.”

तिनं ओंजळीतले दाणे परत सुपात टाकले. डब्याचं झाकण लावलं आणि उठली.

विहिरीजवळच्या पंपाच्या मोटारीच्या खोलीत मी दार धरून उभी राहिले. गड्याच्या बायकोची साडी निऱ्यांपाशी अजून ओली होती आणि तिला आखूड होत होती. नेसून झाल्यावर तिनं कानाला हात लावला. “हे पन काढू का?” मी मान हलवली. हो म्हणून. हे कुणी मला सांगितलं नव्हतं, अध्यक्षीणबाईंनीसुद्धा नाही.

फीत बांधलेलं मशीन सतरंजीच्या टोकाला ठेवलं होतं. प्रमुख पाहुण्यांनी ते दिलं, तिनं हात जोडले. फ्लॅश उडाला नाही म्हणून पुन्हा दिलं. पुन्हा नाही उडाला. तिसऱ्यांदा अध्यक्षीणबाई म्हणाल्या, “जरा खाली बघा, हसू नका.” ती हसत नव्हतीच. मग भाषण झालं. शेत दुसऱ्याचं, राबणारा गडी दुसऱ्याचा, पैसे कुपनवाल्यांचे, आणि दातृत्व आमचं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? टाळ्या पडल्या. त्यात माझ्याही होत्या.

ती मशीनबरोबर टेम्पोत जाऊन बसली. मी धावत गेले, म्हटलं, “अहो, हुरडा तरी खाऊन जा.”

“नको ताई,” ती म्हणाली. “त्यो पाहुन्यांचा हाय.”

नंतर मी परत जाऊन सतरंजीवर बसले. भूक लागली होती, खाल्लं. त्या दिवशी मला सगळ्यांची शिसारी आली, आणि तरी मी पोटभर जेवले, हे कुणाला सांगितलं नव्हतं.

तिची खोली सुटली नाही. मशीन उत्तम चाललं. गल्लीतल्या सगळ्या बायकांचे ब्लाउज तिच्याकडे जाऊ लागले. मी क्लब तिथल्या तिथे सोडला, असं लिहिलं तर बरं दिसेल. सोडला नाही, आणखी दोन हिवाळे कुपनं खपवली.

त्या हुरड्यानंतरच्याच चैत्रात मी ब्लाउजचं कापड घेऊन तिच्याकडे गेले. तिनं माप नीट घेतलं, वहीत टिपलं, मंगळवारी या म्हणाली. खोलीत एक खुर्ची होती, धुतलेल्या चादरीचा तुकडा घातलेली. माझ्यामागून गल्लीतली एक शेजारीण फॉल लावून घ्यायला आली. तिला बघून ही मशीनवरून लगबगीनं उठली, म्हणाली, “या, बसा की. च्या टाकते.” शेजारीण खुर्चीत बसली. मी दारापाशी उभी होते. ती मला काही वाईट बोलली नाही, तोंडही फिरवलं नाही. फक्त बसा म्हणाली नाही.

ब्लाउज मंगळवारी तयार होता. कुठे ओढत नव्हता, कुठे ढिला नव्हता. नाव ठेवायला तिनं मला जागाच ठेवली नाही.