दादाच्या उठावन्या

दादा खासदार झाला तो भाषणांनी नव्हे, उठावन्यांनी. आमच्या ग्वाल्हेरात माणूस गेला की तिसऱ्या दिवशी शोकसभा भरते, तिला उठावनी म्हणतात. दादाचं दौलतगंजात कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाइकाच्या लग्नाला एक वेळ गेलं नाही तरी चालेल, पण त्याच्या दुःखात गेलंच पाहिजे, हा त्याचा धंद्याचा नियम. दुकानं वाढली, मग व्यापारी संघाचं अध्यक्षपद आलं, मग तिकीट. निवडून आल्यावर लोक म्हणाले, पक्षाची हवा होती. हवाबिवा काही नव्हती. वहिनी होती.

रोज सकाळी चहाबरोबर वहिनी हिंदी पेपरातलं निधनाचं पान वाचायची. कोण गेलं, कुणाचं कोण, कुठली गल्ली, सगळं तिला ठाऊक. मग दादाला सांगायची, आज अमक्यांकडे जा, तिथे म्हातारी एकटीच राहिली आहे, तिच्याशी दोन शब्द जास्त बोला. दादा जायचा, पांढऱ्या चादरीवर मांडी घालून बसायचा आणि घरच्यांचे हात हातात घ्यायचा. त्यात खोटं काही नव्हतं, सुरुवातीला तरी. पुढे दिल्ली, अधिवेशनं, दौरे यांतून जो वेळ उरायचा तो उठावन्यांत जायचा. आम्हाला तो टीव्हीवर दिसायचा. मी धाकटी बहीण, बिनलग्नाची, त्याच घरात राहणारी. मी टोमणे मारायची, वहिनी हसायची.

मग वहिनीचं यकृत बिघडलं आणि डॉक्टरांनी हात टेकले. अंथरुणावरही तिचं ते पान सुटलं नाही. डोळे थकले तेव्हा मी वाचून दाखवू लागले, आणि मला त्याचा मनस्वी राग यायचा. एकदाच ती म्हणाली, "एक अख्खा दिवस हे माझ्याजवळ बसले असते ना, तर बरं वाटलं असतं." दादाला सांगते म्हटलं तर नको म्हणाली. मी सांगितलंच. त्यानं रविवारचा शब्द दिला.

नेमकी त्याच रविवारी जयेंद्रगंजात एका जुन्या कार्यकर्त्याच्या वडिलांची उठावनी निघाली. दादा दाराशी घुटमळला. वहिनीनंच त्याला पाठवलं. दुपार कलताना तिला श्वास लागला. दादाला बोलवायला मी फोन उचलला, तर तिनं माझा हात धरला. "राहू द्या, वन्सं. सभा चालू असेल. त्यांना भरल्या सभेतून उठवू नका." मी ऐकलं. थोड्याच वेळात ती गेली.

मग मी फोन केला. दादा आला तोवर बैठकीत चादर अंथरली होती, शेजारपाजार जमला होता. त्यानं चपला काढल्या, वहिनीपुढे हात जोडले, मांडी घालून बसला, आणि आपल्या स्वतःच्या मुलाचे हात हातात घेऊन म्हणाला, "हिम्मत रखिए. कोई काम हो तो बताइएगा."

मुलगा बघतच राहिला. "पप्पा, मैं हूँ," तो म्हणाला.

दादाचा चेहरा उतरला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "आधी फोन का नाही केला तू?"

तिनं करू दिला नाही, सभा चालू असेल म्हणाली, असं मी सांगितलं.

"सभा कधीच संपली होती," दादा म्हणाला. "मी लोकांबरोबर चहा पीत बसलो होतो."