न खाजणारी सूज

बोईसरमध्ये त्वचारोगाचा दवाखाना चालवला की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते नायट्यासारखे आपोआप पसरतात. आमच्या रंजना सिस्टर म्हणतात, "मॅडम, हसण्यासारखे सांगा ना!" तसे माझ्याकडे कमीच. हे जयेशचेच घ्या. मूळचा मासवणचा, राहायला सरावलीत, कामाला केमिकल कंपनीत.

*

अधूनमधून त्याचं तोंड सुजायचं. एकदा तर हजेरीच्या फेस मशीननं त्याला ओळखलंच नाही! सुपरवायझर म्हणाला, "किससे पिटके आया रे?" त्या दिवशी दिवसभर राबूनही जयेश गैरहजर!

*

पुढच्या वेळी ओठ प्लांटमध्येच सुजला. केमिकल उडालं समजून चौघांनी त्याला उचलून सेफ्टी शॉवरखाली धरलं. हा ओरडतोय, "अरे, कुछ नहीं गिरा!" पण नियम म्हणजे नियम. सूज तशीच, वर कपडे ओले.

*

मग तो आमच्याकडे आला. मी अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन द्यायला लावलं. फरक शून्य!

"खाज येते?"

"नाय मॅडम, नुसतं ताणतं."

अ‍ॅलर्जीची सूज खाजते. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. रक्त तपासलं. ही अ‍ॅलर्जी नव्हतीच. ब्रॅडिकायनिन नावाचा प्रथिनाचा इवलासा तुकडा असतो. त्याला लगाम घालणारं प्रथिन जयेशमध्ये जन्मापासून कमी. हा तुकडा मोकाट सुटला की रक्तवाहिन्या सैल पडतात आणि पाणी कातडीखाली झिरपतं.

"सूज घशात आली तर जीव जाईल," मी म्हटलं. "हे घराण्यातून येतं. घरात कुणाला होतं?"



"बाबा तसेच गेले. जेवून उठले नि घसा सुजला. आजी गावभर बोलली, सुनेनं विष घातलं. आजीनंच मला वाढवलं. आईच्या हातचं मी कदी जेवलो नाय."

सिस्टरना हसण्यासारखं हवं होतं, त्या डोळे पुसत होत्या.

*

पुढच्या आठवड्यात तो आईला घेऊन आला. मी तिला म्हटलं, "तुमच्या जेवणात काही नव्हतं. आजार तुमच्या मालकांच्या रक्तातच होता."

"हे माज्या सासूला सांगाया पायजे व्हतं, बाय," ती म्हणाली. सासू कधीच वारली होती.

मग तिनं पिशवीतून डबा काढला. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण. जयेशनं हात पुढे केला, तो तिनं अडवला. आधी स्वतः एक घास खाल्ला. गिळला. तोंड उघडून त्याला दाखवलं आणि म्हणाली, "आता खा."